निदान 'निदान' तरी करा!

मराठी भाषेची एक गंमत बघा. 'निदान' या एकाच शब्दाला आपण दोन कामं लावलेली आहेत. एक अर्थ 'कमीत कमी'. म्हणजे 'निदान सबमिशनच्या आदल्या रात्री तरी फाईल उघड' यातला. दुसरा अर्थ रोग ओळखणं. वैद्याकडे गेलं की तो आधी नाडी बघतो, जीभ बघतो, काय खाल्लं ते विचारतो आणि मग पुडी बांधतो. आधी निदान, मग औषध. माणसांच्या बाबतीत हा क्रम सगळ्यांना मान्य आहे. न तपासता गोळ्या देणाऱ्या डॉक्टरकडे कुणी दुसऱ्यांदा जात नाही.

यंत्रांच्या बाबतीत मात्र आपण हा क्रम बिनधास्त उलटा करतो. 'हे बदलून बघू. नाही झालं तर ते बदलून बघू. तरीही नाही झालं तर मग बघू!' या 'बदलून बघू' पंथाचे अनुयायी गॅरेजमध्ये आहेत, मोबाईल रिपेअरिंगच्या टपरीवर आहेत, आणि मित्रहो, राग मानू नका, पण आपल्या होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर आहेत. मला त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायचे आहेत. मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला असल्यामुळे उदाहरण इंजिनाचं घेतलंय. कॉम्प्युटर आणि सिव्हिलच्या मित्रांनी लगेच पान उलटू नये. गाडी तुमच्याही दारात येणारच आहे, आणि ती कधीतरी बिघडणारही आहे.

माझं गाव रोहिणखेड. बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका. इतिहासाच्या पुस्तकात आमच्या गावाचं नाव येतं ते लढायांमुळे. १४३७ साली बहमनी सैन्यानं खानदेशच्या फारुकी सुलतानाला इथं हरवलं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस अहमदनगरच्या गादीचा एक तंटाही इथल्याच रानात लढून सुटला. कारण सरळ आहे, गाव घाटाच्या पायथ्याशी आहे. खालून वर जाणाऱ्याला आणि वरून खाली येणाऱ्याला इथूनच वाट. आता सैन्यं येत नाहीत, पण आम्हाला मोठ्या दवाखान्याला, कोर्टाला किंवा कलेक्टर ऑफिसला जायचं म्हटलं की बुलढाण्याला जावं लागतं, आणि बुलढाणा वर आहे. मलकापूरला रेल्वे गाठायची तर सगळी सपाटी, तिथं कुठलीही गाडी पळते. आमच्याकडे गाडीची खरी परीक्षा घाटात होते.

माझ्या काकांकडे एक सेकंड हँड पेट्रोल गाडी आहे, तीन सिलिंडरची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. गावात रात्री-अपरात्री कुणाला न्यायचं असलं की माणूस काकांच्या दारात येऊन उभा राहतो. शेजारच्या एका आजोबांचं तर आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं, ते काकांच्याच गाडीनं जातात. तेव्हा ही गाडी उभी राहिली तर नुसती काकांची अडचण होत नाही.

मागच्या उन्हाळ्यात काकांनी एका गॅरेजमध्ये गाडीची सर्व्हिसिंग केली आणि तिन्ही प्लग नवे टाकून घेतले. जुने प्लग चालू होते, पण किलोमीटर झाले होते म्हणून बदलले. येताना सपाटीला गाडी मख्खन! दोन दिवसांनी आजोबांना घेऊन घाट चढायला लागले आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी झटके मारायला लागली. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर 'मिसिंग' करायला लागली. समोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकायला लागला. कशीबशी गाडी वर नेली.

गाडी परत त्याच गॅरेजमध्ये गेली. मिस्त्रीनं पहिल्याच वाक्यात निकाल दिला, "प्लग तर परवाच नवे टाकलेत, प्लगचा प्रश्नच नाही." झालं! मग तिन्ही कॉइल बदलल्या. मिसिंग तसंच. मग इंजेक्टर साफ केले. तसंच. पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून टाकी रिकामी केली. मग फ्युएल पंप बदलला. शेवटी 'ईसीएम गेला असेल, मोठं काम आहे' असं सांगितलं. एकोणीस दिवस आणि अकरा हजार चारशे रुपये. कापसाच्या पट्टीतले पैसे असे एकेका डबीतून गॅरेजला गेले, आणि आजोबांना तेवढे दिवस भाड्याच्या गाडीनं जावं लागलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

तेव्हा काका मला जे म्हणाले ते मला आजवर वाचलेल्या कुठल्याही टेक्स्टबुकापेक्षा मोलाचं वाटतं. काका म्हणाले, "काय रे बाबू, प्लग बदलाच्या आंधी गाडी चांगली चालत व्हती ना? मंग बदलल्यावरच काहून बिघडली?"

सातवी शिकलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे, आणि निदानाचं सगळं शास्त्र त्यात आलं. काल चांगलं होतं, आज बिघडलं. मधे काय झालं? ज्या गोष्टीला शेवटचा हात लागला ती पहिली संशयित. गॅरेजनं नेमकी तीच गोष्ट संशयितांच्या यादीतून आधी काढून टाकली, का तर ती नवी होती म्हणून! इथंच सगळी गोम आहे. नवा भाग म्हणजे चांगला भाग असं आपण धरून चालतो. पण नवा म्हणजे फक्त न वापरलेला, म्हणजेच न तपासलेला. जुना प्लग निदान हजारो किलोमीटर घाट चढून पास झालेला होता. नव्याची तर अजून पहिली युनिट टेस्टसुद्धा झाली नव्हती.

गाडी दुरुस्त केली माझ्या आतेभावानं. दादा आयटीआयचा मोटार मेकॅनिक आहे. तो आला, आणि त्यानं आधी पाना हातात घेतला नाही. त्यानं तीन प्रश्न विचारले. मिसिंग कधीपासून? कशानंतर? आणि कुठं, उभ्या गाडीत की चढावर? मग त्यानं मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पी ०३०० म्हणजे इंजिन मिसफायर करतंय, पण ते एका ठरावीक सिलिंडरपुरतं नाही. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, ०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढं. पण हा कोड फक्त 'कुठं' ते सांगतो, 'का' ते सांगत नाही. 'का' शोधायला माणूसच लागतो.

दादानं दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर लावली आणि पहिल्याची दुसऱ्यावर. बाकी कशालाही हात नाही. कोड पुसला आणि आम्ही गाडी घाटाच्या चढाला लावली. झटके आले, कोड पुन्हा ०३०२. कॉइल दुसऱ्या जागी गेली, पण बिघाड जागचा हलला नाही. म्हणजे कॉइल निर्दोष! इंजिन थंड होऊ दिलं. मग दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात. कोड पुसला, पुन्हा चढ. आता कोड आला ०३०३. चोर प्लगबरोबर चालत तिसऱ्या घरात गेला होता! प्लग काढून उजेडात धरला तर पांढऱ्या चिनी मातीच्या नळीवर केसाएवढी बारीक चीर, आणि चिरेच्या कडेनं पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ. एक नवा प्लग टाकला, गॅप बघून. एक संध्याकाळ आणि एका प्लगचे पैसे, बस्स.

यात जादू काहीच नाही. दादानं एका वेळी एकच गोष्ट हलवली आणि प्रत्येक वेळी आधी ठरवलं की उत्तर 'हो' आलं तर त्याचा अर्थ काय आणि 'नाही' आलं तर काय. याउलट गॅरेजमध्ये कॉइल, इंजेक्टर, पंप यातली प्रत्येक गोष्ट बदलली गेली, पण तपासली एकही गेली नाही. आणखी एक गोष्ट. दादाच्या पद्धतीत पार्ट विकत घ्यायच्या आधी उत्तर मिळालं. अदलाबदलीला पैसे लागत नाहीत.

आता कुणी विचारेल, चिरेचा प्लग सपाटीला बरा आणि घाटातच का रुसला? याचं उत्तर आपण अभ्यासक्रमातच शिकलो आहोत, फक्त वेगवेगळ्या पेपरांत. बॅटरी बारा व्होल्टची. कॉइल त्याचे काही हजार ते वीस-पंचवीस हजार व्होल्ट करते, आणि प्लगच्या टोकाशी एखाद्या मिलिमीटरच्या फटीतून ठिणगी उडी मारते. फट तीच असली तरी त्या जागी वायूचा दाब वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. हा जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यानं १८८९ साली मांडलेला नियम. घाटात आपण अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबतो, सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते, दाब वाढतो आणि ठिणगीचं काम अवघड होतं. वीज मोठी आळशी! तिला समोरची उडी अवघड वाटली की ती चिरेतून बाजूनं पळ काढते. सपाटीला तीच उडी सोपी असते, म्हणून गाडी मख्खन. म्हणजे 'घाटातच होतं' ही काकांची तक्रार हाच खरा पुरावा होता, आणि तो गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन कधीच सापडला नसता.

प्लग बदलल्यावर मिसिंग का येतं याची यादी फार मोठी नाही, आणि ती प्रत्येकाला पाठ असावी. प्लग हातातून पडला किंवा पाना तिरका लागला तर चिनी माती तडकते, कधी कधी दिसतसुद्धा नाही. गॅप कमी-जास्त असतो. डबीवर काहीही लिहिलेलं असो, मॅन्युअलमधला आकडा बघून फिलर गेजनं तपासावा. प्लग दुसऱ्याच नंबरचा येतो, म्हणजे आट्यांची लांबी वेगळी किंवा उष्णतेची रेंज वेगळी. वायर किंवा कॉइल पूर्ण खाली बसत नाही, किंवा कॉइलचं छोटं कनेक्टर 'टक्' आवाज येईपर्यंत दाबलेलं नसतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाड्यांत वायरींची अदलाबदल होते. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असतो हे वायव्हात सगळे सांगतात, पण वायर लावताना १-२-३-४ लावून मोकळे होतात! एअर फिल्टर काढताना एखादी व्हॅक्यूमची नळी निघून राहते, आणि प्लगचा काही दोष नसताना गाडी थरथरते. प्लगच्या विहिरीत तेल साचलेलं असतं आणि ते कॉइलचं रबर खातं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्लग तिरका बसून हेडचे आटे जातात. म्हणून इंजिन थंड असताना, आधी हातानं अलगद फिरवत तळापर्यंत बसवावा, पाना त्यानंतर लावावा, आणि कसायचा तो मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कइतकाच, आपल्या दंडाच्या जोरावर नाही.

काढलेले जुने प्लगही लगेच फेकू नयेत. प्लग हा सिलिंडरच्या आतून आलेला पोस्टमन आहे. टोक फिकट तपकिरी असेल तर घरात सगळं कुशल. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तेलकट काळा असेल तर ऑइल वर येतंय. पांढराफटक आणि फोड आलेला असेल तर सिलिंडर जास्त तापतोय. पेट्रोलनं ओला असेल तर ठिणगीच पडत नाही. कुठल्या सिलिंडरचा कुठला हे लक्षात राहावं म्हणून काढताना ओळीनं ठेवावेत, एवढीच अट. काकांचे जुने तीन प्लग गॅरेजमध्ये भंगारात गेले होते, नाहीतर एक जुना प्लग परत लावून दहा मिनिटांत निकाल लागला असता!

आणि मिसिंगकडे 'चालतंय तोवर चालू द्या' म्हणून दुर्लक्ष करू नये. तीन सिलिंडरचं इंजिन ९०० आरपीएमवर उभं असताना प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा, म्हणजे सेकंदाला साडेसात वेळा पेटतो. एक सिलिंडर मेला की तेवढ्या वेळा कच्चं पेट्रोल आणि हवा तसंच सायलेन्सरकडे जातं. तिथं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलेला असतो. ते पेट्रोल त्याच्यात जळतं, तो तापून आतून वितळू शकतो, आणि त्याची किंमत ऐकली की मालकही वितळतो. म्हणून पिवळा दिवा नुसता लागला तर लवकर तपासा, पण लुकलुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि जोर देऊ नका. आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, २०१० पासून टप्प्याटप्प्यानं, गाडीनं स्वतःची तपासणी करायची ही ओबीडी पद्धत सक्तीची झाली. दिवा पंधरा वर्षांपासून बोलतोय, आपण त्याच्यावर स्टिकर लावतोय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. दोष एकट्या मिस्त्रीचा आहे असं मला वाटत नाही. गॅरेजवाल्याला शिव्या देणं सोपं आहे. पण त्याच्याकडे कंपनीचं मॅन्युअल नसतं, असलं तर इंग्रजीत असतं. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, 'लवकर कर' म्हणून. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपण पार्टचे पैसे देतो, विचाराचे देत नाही. दोन हजारांचा पार्ट टाकला तर आपण मुकाट्यानं देतो. 'तासभर तपासलं, काही बदलावं लागलं नाही, तीनशे द्या' असं कुणी म्हटलं तर आपण म्हणतो, 'केलं काय तुम्ही?' मग तो बिचारा पार्ट न बदलून करणार काय! नुसत्या कानानं मिसिंगचा सिलिंडर सांगणारे उस्ताद मी पाहिले आहेत. ज्ञान तिथं आहे. त्याला किंमत देणारं गिऱ्हाईक नाही.

आणि आपण? आपल्या आयसी इंजिनच्या लॅबमध्ये मोर्स टेस्ट असते. (खरं सांगायचं तर तीन जण टेस्ट करतात आणि उरलेले सतरा जण त्यांची रीडिंग उतरवून घेतात.) इंजिन चालू ठेवून एकेक सिलिंडर बंद करायचा, स्पीड उतरला की लोड कमी करून स्पीड पूर्ववत आणायचा, आणि ब्रेक पॉवरमधल्या फरकावरून त्या सिलिंडरची इंडिकेटेड पॉवर काढायची. ग्राफ, कॅल्क्युलेशन, सही, दहापैकी नऊ मार्क! पण हेच काम जुना मिस्त्री प्लगची एकेक वायर काढून पिढ्यान्‌पिढ्या करत आलाय हे आपल्याला कुणी सांगत नाही. वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज उतरला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो आधीच मेलेला. (आजच्या इलेक्ट्रॉनिक गाडीत चालू इंजिनावर प्लगची वायर ओढू नका. शॉक जबर बसतो आणि इलेक्ट्रॉनिक्सही जातं.) गाडीतला कॉम्प्युटरही दुसरं काही करत नाही. क्रँकच्या चाकाचे दात तो मोजत असतो. प्रत्येक ठिणगीबरोबर चाकाला बारीकसा धक्का मिळायला हवा, तो ज्या सिलिंडरच्या पाळीला मिळत नाही त्याच्या नावानं कोड लिहितो. मोर्स टेस्ट, मिस्त्रीचा कान आणि पी ०३०२ ही तिन्ही सख्खी भावंडं आहेत. आपण मात्र त्यातल्या एकाला जर्नलमध्ये, दुसऱ्याला गॅरेजमध्ये आणि तिसऱ्याला मोबाईलमध्ये कोंडून ठेवलंय.

याचं कारण आपल्या लॅबमधली प्रत्येक गोष्ट 'चालू' असते. इंजिन चालू, मीटर चालू, उत्तर आधीच ठाऊक. रीडिंग बिघडलं तर आपण रीडिंग दुरुस्त करतो! चार वर्षांत एकदाही आपल्यासमोर बिघडलेली वस्तू ठेवून 'शोध' असं कुणी म्हणत नाही. नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून बिघडलेलंच समोर येतं. चालू वस्तूसाठी इंजिनिअरला कोण बोलावतो?

काही मित्र म्हणतील, 'आम्ही आयटीत जाणार, आम्हाला प्लगशी काय करायचंय?' बाबांनो, काल चालणारा प्रोग्रॅम आज बंद पडला तर तुम्ही पहिलं काय बघाल? कालपासून कुणी कुठल्या ओळीला हात लावला तेच ना? काका वेगळं काय म्हणाले होते? आणि दुसरे म्हणतील, 'आता इलेक्ट्रिक गाड्या आल्या, प्लगच इतिहासजमा होणार.' होऊ दे! लेनुआर या बेल्जियन माणसानं १८६० च्या सुमारास गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली, १९०२ साली बॉशच्या कारखान्यात हाय व्होल्टेज मॅग्नेटो आणि प्लगची जोडी तयार झाली, आणि १९५१ साली बंगळूरला निघालेल्या 'मायको'चं नाव आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी बसलं. ती मायकोसुद्धा २००८ साली बॉश झाली. नावं जातील, पार्ट जातील. पण बॅटरीच्या गाडीतही कनेक्टर सैल राहणारच आहे, आणि तिथंही कुणीतरी म्हणणारच आहे की बॅटरी पॅकच बदलून बघू! तिथं 'बदलून बघू'चा आकडा लाखात जाईल.

टोयोटाच्या तैइची ओनो यांचं 'पाच वेळा का विचारा' हे सूत्र आपण इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात पाच मार्कांसाठी लिहितो. ते काकांच्या गाडीला लावून बघा. मिसिंग का? दुसऱ्या सिलिंडरला ठिणगी नीट मिळाली नाही. का? ती चिरेतून पळाली. चीर का? दादाच्या अंदाजानं बसवताना पाना तिरका लागला. पाना तिरका का? आत रबर असलेला, प्लग सरळ धरणारा प्लग पाना वापरला नाही. का? गॅरेजमध्ये तो नव्हताच. म्हणजे अकरा हजार चारशे रुपयांच्या मुळाशी कदाचित काही शे रुपयांचा एक पाना होता. पहिल्या 'का'ला थांबलं की पार्ट बदलला जातो. पाचव्यापर्यंत गेलं की सवय बदलते.

टीका करून मोकळं होणं बरं नाही, म्हणून सर-मॅडमना आणि मित्रांना तीन विनंत्या. पहिली, प्रत्येक सेमिस्टरला एक तरी 'बिघाड प्रॅक्टिकल' ठेवा. सरांनी लॅबच्या इंजिनात आधी एक छोटा बिघाड करून ठेवावा, प्लगचा गॅप बंद करावा, एखादं कनेक्टर सैल करावं, आणि मार्क दुरुस्तीला न देता शोधण्याच्या क्रमाला द्यावेत. चुकीचं उत्तर पण बरोबर क्रम, तरी पाच मार्क. बरोबर उत्तर पण आंधळा नेम, तर दोन. दुसरी, महिन्यातून एका शनिवारी गावातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला कॉलेजात बोलवा, मानानं, शाल-श्रीफळ देऊन, आणि त्याचं मानधनही द्या. तो कान देईल, आपण मोर्स टेस्ट देऊ. तिसरी विनंती आपल्या एनएसएसच्या मित्रांना. यंदाच्या कॅम्पमध्ये गाव झाडण्याबरोबर एक काम करू. मिसिंग, स्टार्टिंग, गरम होणं अशा पाच-सात तक्रारींचे एकेका पानाचे तक्ते मराठीत बनवू. आधी काय विचारायचं, मग काय बघायचं, आणि पार्ट कधी घ्यायचा. लॅमिनेशन करून तालुक्यातल्या गॅरेजांना वाटू. मी रोहिणखेड-मोताळा भागाची जबाबदारी घेतो. मिसिंगचा तक्ता दादाकडून तपासून आणलाय, तो रूम नंबर १४ च्या दारावर लावला आहे. ज्यांना चुका काढायच्या असतील त्यांनी पेन घेऊन यावं!